परीक्षेच्या पोटातला काटा

परीक्षेला वास असतो असं मी म्हटलं की घरातली मंडळी हसतात. हसोत बापडी. कुणाला परीक्षा म्हटल्यावर आंब्याचा मोहर आठवतो, कुणाला दौतीतली शाई. मला ठसका लागतो. फेब्रुवारी निम्मा सरला की नंदुरबारच्या वेशीबाहेर पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या लाल मिरचीवरून दुपारचा वारा सुटतो, खिडकीतून थेट घशात उतरतो, आणि ऐंशी ओलांडलेली मी पुन्हा वेणीला लाल रिबिनी बांधून इंग्रजीचे शब्द घोकायला लागते.

परवा शेजारची दहावीतली पोर जिन्यात भेटली. म्हणाली, "आजी, एक्झामच्या नुसत्या नावानं पोटात गोळा येतो." मी विचारलं, "एक्झाम म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मीच पेपर काढलाय. सांगायला लागले असते तर तिचा क्लास बुडाला असता, म्हणून जिन्यात गप्प बसले. पण हा शब्द ऐकून गप्प राहणं मला साठ वर्षांत जमलेलं नाही.

साठ-एकसष्ट सालचा सुमार असेल. मी अकरावीला होते, म्हणजे मॅट्रिकला. आमचं मूळ गाव कळसाडीकडचं. दोन बिघे वावर धाकट्या काकाकडे सोडून आप्पा, म्हणजे माझे वडील, नंदुरबारच्या मिरची बाजारात तोलार झाले होते. तोलार म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यासमोर तराजूवर तोलून देणारा माणूस. छातीवर पितळेचा बिल्ला, खांद्यावर उपरणं, आणि दोन्हीकडच्या लोकांचा एकाच माणसावर विश्वास. बिल्ला चिंचेनं घासून चकचकीत ठेवायचं काम माझं होतं. शाळेच्या पितळी घंटेपेक्षा आमचा बिल्ला जास्त चमकतो, असं मी मैत्रिणींना ऐकवायची.

त्या दिवसांत गाव लाल असायचं. लाल म्हणजे नुसतं दिसायला नव्हे. बायकांच्या बोटांना आग, बैलांच्या नाकात ठसका, दुकानातल्या गुळाला तिखट वास. पथारीवर बसून देठं खुडणाऱ्या बाया घरी आल्या की आधी हातांना तेल चोळायच्या आणि मगच तान्ह्याला जवळ घ्यायच्या. शाळेच्या पश्चिमेला एक पथारी होती, मिरची वाळवायचं मोकळं रान. तिसऱ्या तासाला वारा फिरला की गणिताचे मास्तर प्रमेय अर्ध्यावर टाकून शिंकायचे आणि आम्ही सिद्ध झालं असं समजून पुढे जायचो.

सगळ्यांत हाल व्हायचे ते खांबेटे सरांचे. ते आमचे इंग्रजीचे सर, कोकणातून आलेले. अंगानं काडी, नाकावर कायम चौपदरी रुमाल. मिरचीच्या चार महिन्यांत आम्ही त्यांचं नाक पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांच्याजवळ सुतळीनं पाठ शिवलेला एक जाडजूड शब्दकोश होता. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला, ते तो टेबलावर ठेवत आणि एका शब्दाची जन्मकुंडली मांडत. या शब्दाचे आईबाप कोण, गोत्र कोणतं, कोणत्या मुलखातून वाट चुकत चुकत तो इंग्रजीत येऊन पडला. पोरांना तो तास म्हणजे डुलकी काढायची सोय वाटायची. मला मात्र पहिल्यापासून त्याचं वेड लागलं होतं. आमच्या घरात घोड्याच्या, बैलाच्या सात पिढ्या सांगणारे लोक होते, पण शब्दालाही आजा-पणजा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या साली बाजारात एक नवीनच संकट येऊन उभं राहिलं होतं. त्याचं नाव किलो. शेर, धडी, मण जाणार, किलो-ग्रॅम येणार, हे दोनेक वर्षं कानावर होतं. व्यापाऱ्यांनी सहाकोनी नवी वजनं आणून गोणपाटाखाली झाकूनही ठेवली होती. मग एक दिवस भिंतीवर कागद लागला. होळीच्या आधी सगळ्या तोलारांची नव्या वजनांवर परीक्षा होणार, धुळ्याहून साहेब येणार, जो पास होईल त्याचा बिल्ला राहील, बाकीच्यांनी बिल्ले जमा करावेत.

तो कागद आप्पांना मीच वाचून दाखवला. आप्पा दुसरीपर्यंत शिकलेले. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बावीस वरीस व्हयनात माले काटावर. बठा बाजारले मी तोलं. आते माले कोन तोली?"

साऱ्या बाजाराला तोलणाऱ्या मला आता कोण तोलणार, हे वाक्य ऐटीचं होतं, पण आवाज ऐटीचा नव्हता. त्यांना वजनांची भीती नव्हती, परीक्षेची होती. लहानपणी शाळेत उभं करून काहीतरी विचारलं होतं, उत्तर आलं नव्हतं, सगळा वर्ग हसला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून आप्पा ढोरांमागे गेले होते. एवढीच त्यांची शाळा. आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा चारचौघांत तसंच उभं राहायचं म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी जाहीर केलं की आपण परीक्षेला बसणार नाही.

"नका देऊ मंग," माय चुलीपाशी बसून म्हणाली. "गावले जाऊत. दोन बिघा वावर शे, उपाशी नही मरूत." तिनं हे अगदी सहज म्हटलं. गावाला गेलो की बिल्ला गेला, शहर गेलं, आणि मॅट्रिकनंतर शिक्षिका व्हायचं माझं जे काही मनात होतं तेही गेलं. कळसाडीला मॅट्रिक झालेल्या मुलीचं एकच काय ते करतात, लग्न, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ते आप्पांना म्हणायची सोय नव्हती. भ्यालेल्या माणसाला आपल्या भीतीचा आणखी भार कसा द्यायचा?

त्याच आठवड्यातला शनिवार. सरांनी रुमालाआडून सांगितलं, "तुम्ही सगळे ज्याला घाबरून अर्धे झाला आहात, तो शब्द आज घेऊ. एक्झामिनेशन." वर्ग नाराजीनं हलला. सर फळ्याकडे वळले आणि खडूनं त्यांनी एक चित्र काढलं. आडवी दांडी, दोन पलडे, म्हणजे पारडी, आणि दांडीच्या मधोमध उभी राहिलेली बारीक जीभ. "हे एक्झामिनेशन," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, मिरची सरांच्या डोक्यात गेली. मग ते सांगू लागले. फार पूर्वी रोम नावाच्या शहरात लॅटिन भाषा बोलत. तिथल्या बाजारात तराजू असे. तराजूच्या मधल्या या काट्याला लॅटिनमध्ये म्हणत एग्झामेन. त्या काट्याकडे बघून वजन करायचं ते एग्झामिनारे. आधी धान्य तोलायचे, सोनं तोलायचे. पुढे म्हणणं तोलायला लागले, माणूस तोलायला लागले. शब्द तोच राहिला. मग रोमचं राज्य मोडलं, लॅटिनच्या पोटी फ्रेंच जन्मली, शब्द तिच्या घरी गेला. तिथे न्यायाधीश आरोपीला उभं करून उलटसुलट विचारत, त्या विचारण्याला हा शब्द लागला. मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे नॉर्मन लोक समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकून बसले, कोर्टकचेरीत फ्रेंच आली, आणि शब्द इंग्रजांच्या गळ्यात पडला. "रोममध्ये हा तोलार होता," सर म्हणाले, "फ्रान्समध्ये फौजदार झाला, इंग्लंडमध्ये मास्तर झाला. मग आगबोटीत बसून सुरतेला उतरला आणि ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं नंदुरबारला आला. तुम्हाला त्याची भीती वाटते ती मधल्या फौजदारामुळे. मुळात तो गरीब काटा आहे. त्याला एवढंच कळतं, इकडे जास्त आहे की तिकडे."

वर्गात चाळीस पोरं होती. एकोणचाळीस जण घंटेची वाट बघत होते. मी फळ्यावरच्या त्या खडूच्या जिभेकडे बघत होते आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ही वस्तू माझ्या ओळखीची होती. ती आमच्या घरी दिवाळीला हळदकुंकू लावून पूजली जायची. आप्पा तिला खोबरेल तेलाचं एक बोट लावायचे, तेसुद्धा जपून, जास्त लागलं तर धूळ धरते म्हणून. आणि तिचंच नाव लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असं फिरत फिरत, दोन हजार वर्षं आणि कितीतरी समुद्र पार करून, माझ्या प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर येऊन बसलं होतं. जगातला प्रत्येक विद्यार्थी ज्याला घाबरतो त्याच्या पोटात माझ्या बापाचा काटा आहे. मला रडू येईल असं वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, आजही धड सांगता येत नाही. काही गोष्टींपुढे माणूस नुसता लहान होतो आणि त्या लहान होण्यात सुख असतं.

घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी दप्तरही न ठेवता म्हटलं, "आप्पा, सरनी आज एक शब्द सांगा. परीक्षाले इंग्रजीम्हा जो शब्द शे ना, त्याना मूळ अर्थ तराजूना काटा."

अडकित्ता थांबला. "कोन म्हनस?"

"सर म्हनतस. पुस्तकम्हा लिखेल शे."

"कोन गावना लोके व्हतात ते?"

"रोमना. दोन हजार वरीस व्हयनात."

आप्पांनी थोडा विचार केला. "तठे मिरची पिके का?"

"नही. मिरची नही व्हती तठे."

"मंग काय तोलेत?"

"गहू तोलेत, सोनं तोलेत."

"काटा मात्र हाऊच?"

"हाऊच."

 समोर रस्त्यावरून मिरचीच्या गाड्या जात होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. त्यांनी नकळत डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, जिथे पोती ओढून ओढून कायमची गाठ झाली होती, आणि हळूच म्हणाले, "त्याना बी खांदा दुखत व्हई."

मी सरांचा तास ऐकून भारावले होते ती राजेरजवाडे आणि समुद्र यांच्यामुळे. आप्पांना दिसला तो एक माणूस. नाव नाही, गाव धड ठाऊक नाही, भाषा कळणार नाही, पण दिवस मावळताना खांदा चोळणारा. दोन हजार वर्षांच्या पलीकडच्या माणसाचा खांदा आपल्या खांद्यावरून ओळखणं याला काय म्हणतात, ते अजून मला कुठल्या शब्दकोशात सापडलेलं नाही.

मग ते उठले, तोंड धुतलं, आणि मायला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "देसू मी परीक्षा. परीक्षा साहेबम्हा नही, काटाम्हा शे. काटाले मी भ्यास का?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात किलोचा वावर सुरू झाला. मी त्यांना पाटीवर कोष्टक लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि बाजूला ठेवलं. आप्पांची शिकायची रीत वेगळी होती. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी एक किलोचं नवं वजन मागून आणलं, उपरण्याच्या टोकात बांधलं, आणि येता-जाता ते हातात धरून चालायला लागले. किलो डोक्यात शिरून उपयोग नाही, तो हातात मुरला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चार दिवसांनी अर्ध्या किलोचं वजन आणलं, मग दोनशे, शंभर, पन्नास. शेवटी तर दहा ग्रॅमचं पितळी वजन तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायचे. माय म्हणाली, हे काय नवीन व्रत काढलं. मग त्यांनी घरातली एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. वरवंटा, पितळी तांब्या, भोपळा, शेजारच्यांचं मांजर. उचलायचे, आकडा सांगायचे, मी बाजारातल्या मोकळ्या तराजूवर पडताळून बघायची. मांजराच्या बाबतीत पडताळणी झाली नाही, ते वजन सांगण्यापूर्वीच पळालं. एकदा माझी सगळी पुस्तकं एका हातावर तोलून म्हणाले, "तुन्ही मॅट्रिक साडेतीन किलोनी शे." मी तोलून पाहिली. तेवढीच भरली.

हे सगळं मी सरांना सांगितलं तेव्हा ते एकदम उभे राहिले. "मी हा शब्द वीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "आणि तराजूचा काटा जवळून कधी पाहिलेला नाही. मला घेऊन चल." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. बाजार शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता.

सर बाजारात आले ते रुमाल दुहेरी बांधून, शब्दकोश छातीशी धरून. हमालांनी त्यांना वाट करून दिली. तीन बल्ल्यांच्या तिवईला मोठा तराजू टांगलेला, बाजूला लाल पोत्यांची थप्पी. आप्पांनी हात जोडले आणि पहिलं पोतं पलड्यात टाकायला लावलं. "लाभ," आप्पा म्हणाले. दुसऱ्याला "दोन", तिसऱ्याला "तीन". सरांनी मला हळूच विचारलं, एक कुठे गेला? मी सांगितलं की तोलार एक म्हणत नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं असतं, म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही बरकत येते. सर इतके खूश झाले की त्यांनी ते शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं.

"पलडासकडे देखू नका सर," आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं. "पलडा हिंदकळतस. काटाकडे देखा."

काटा आपल्या घरात, म्हणजे दांडीवरच्या लोखंडी चौकटीत, इकडून तिकडे झुलत होता. भोवतालचं बोलणं आपोआप थांबलं. काटा ठरेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा बाजाराचा रिवाज. शेतकरी गप्प, व्यापारी गप्प, हमाल पोत्यावर हात ठेवून गप्प. सरांना शिंक आली होती, मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं, पण ती त्यांनी गिळली. काटा लहान लहान झोके घेत मधोमध आला आणि उभा राहिला. आप्पांनी वजन सांगितलं. मग सरांनी अशी जोरात शिंक दिली की तिवई हलली, आणि सगळा बाजार हसला.

जाताना सरांनी आप्पांना आणखी एक गोष्ट सांगितली. एग्झामेन हा शब्द रोमची माणसं पोळ्यातून उठून निघालेल्या मधमाश्यांच्या थव्यालाही वापरत. कारण त्याच्या मुळाशी बाहेर हाकलणं असा अर्थ आहे, ढोरं हाकलतात तसं. आप्पांनी मान डोलावली. तोरणमाळच्या डोंगरातून मध घेऊन येणारे पावरा लोक त्यांच्याकडेच तोलायला यायचे, त्यामुळे तराजूत आणि मधमाशीत नातं असायला त्यांची काही हरकत नव्हती. पण ढोरं हाकण्यावर मात्र ते थांबले. ढोरांमागून उठून ते काट्यावर आले होते, आणि त्या शब्दानंही तोच रस्ता धरला होता. त्यांनी सरांच्या हातातला शब्दकोश आपल्या हातावर घेतला, जरा खालीवर केला. "सव्वादोन किलो," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

पुढे मी शिक्षिका झाले, इंग्रजीच शिकवलं, आणि असे कितीतरी शब्द उलगडून पाहिले. कुठल्याही दरबारी शब्दाची वरची कापडं उतरवत गेलं की आत शेवटी कोणीतरी काम करणारा निघतो. कोणी पेरतंय, कोणी विणतंय, कोणी ओझं वाहतंय. राजांची नावं विस्मरणात गेली, आणि या बिननावाच्या माणसांच्या हातांच्या हालचाली मात्र शब्दांत राहिल्या. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी भाषा घडवली असं आपण पोरांना शिकवतो. मला ते कधीच पटलं नाही. आता बाजारात विजेवरचे काटे आहेत. लाल आकडे झटकन उमटतात, कोणी गप्प बसत नाही, मोबाइलवर बोलता बोलता तोल होतो. सोय झाली, खोटं कशाला बोलू? पण काटा ठरेपर्यंत शंभर माणसांनी श्वास धरून उभं राहणं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते देवळातसुद्धा पुन्हा पाहायला मिळालं नाही.

परीक्षेचा दिवस रविवारचा होता. बाजाराच्या पटांगणात टेबल, टेबलामागे धुळ्याचे साहेब, तरुण, कपाळाला घाम. बरोबर आणलेला नवाकोरा तराजू. तो आदल्या दिवशी तळोद्याच्या बाजारात वापरून जीपमधून उठतबसत इथे आला होता. पोत्याच्या कापडात शिवलेलं मिरचीचं एक गाठोडं होतं, त्याचं खरं वजन फक्त साहेबांच्या कागदावर. प्रत्येकानं ते तोलायचं आणि किलो-ग्रॅममध्ये सांगायचं. मी आणि सर दोरीच्या बाहेर उभे होतो.

पाच तोलार आप्पांच्या आधी झाले. मुरलेली माणसं. पण टेबलासमोर आली की उपरणं सावरायची, घाम पुसायची, गाठोडं टाकायची, वजनं टाकायची आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत आकडा सांगायची. पाचही जण थोडे थोडे चुकले. साहेबांनी पाच नावांपुढे लाल फुल्या मारल्या. किलो नवा, माणसं जुनी, चुकणारच, असं त्यांनी धरून ठेवलेलं दिसत होतं. 

आप्पांचं नाव पुकारलं. ते गेले, तराजूला हात लावून नमस्कार केला, आणि उभे राहिले. नुसते उभे. गाठोडं उचललं नाही, वजनाला हात लावला नाही. एक मिनिट गेलं असेल, मला तासासारखं वाटलं. मागे कोणीतरी हसलं. मला त्यांची दुसरीची शाळा आठवली आणि मी सरांचा कोट घट्ट धरला.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "तोला की. येत नसेल तर बाजूला व्हा, पुढच्याला येऊ द्या."

आप्पांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर रिकाम्या तराजूच्या काट्यावर होती. तिथूनच ते म्हणाले, "साहेब, पहिले काटानी परीक्षा व्हऊ द्या. मंग मन्ही."

त्यांनी काट्याकडे बोट केलं. आप्पा म्हणाले, "रिकामाच डावीकडे कलस."

साहेब खुर्चीतून उठून आले, वाकून बघायला लागले. त्यांना दिसेना. इतका बारीक कल होता तो. आप्पांनी पलड्यांची अदलाबदल करून दाखवली. काटा पुन्हा ठरला, या खेपेला उजवीकडे सुतभर. आता सगळ्यांनाच दिसला. एका पलड्याच्या साखळीची कडी वाटेत धक्क्यानं निसटून पडली होती, म्हणून दुसरा पलडा जड झाला होता. बिचाऱ्या साहेबांचा चेहरा उतरला. पण माणूस भला होता. त्यांनी विचारलं, "किती फरक असेल?"

"एक छटाक," आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"छटाक गेला आता. ग्रॅममध्ये सांगा."

आप्पांनी डोळे मिटले. मला उत्तर ठाऊक होतं, ते कोष्टकातच होतं, माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आणि मला ते गिळून टाकावं लागत होतं. त्यांचा उजवा तळहात पोटाशी उघडा होता, त्याच्यावर काही नसताना तो अगदी थोडा खालीवर झाला. "साठ गिरॅम," ते म्हणाले. "साठले एखाद-दोन कमी."

साहेबांनी हलक्या पलड्यात पन्नासचं वजन ठेवलं, मग दहाचं. काटा झुलत झुलत मधोमध आला, आणि केसभर पलीकडे जाऊन थांबला. साठ जरासे जास्तच होत होते. साहेब काट्याकडे बघत राहिले, मग आप्पांकडे. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि पाचही लाल फुल्या स्वतःच्या हातानं खोडल्या. दुसरी कडी घातल्यावर सगळ्यांची परीक्षा पहिल्यापासून झाली. तोवर दुपार टळली होती. सर रुमाल खाली ओढून उघड्या नाकानं उभे होते, आणि मला वाटतं ते रडत होते, पण मिरचीच्या गावात ते ओळखता येत नाही.

का दिसलं ते आप्पांनाच? रोज काट्यावर नजर ठेवणारी माणसं होती ती पाचही. पण त्या दिवशी ती साहेबांकडे बघत होती. आप्पा एकटेच असे होते ज्यांना कोणीतरी सांगितलं होतं की परीक्षा म्हणजे काटा, आणि त्यांनी ते जसंच्या तसं खरं मानलं होतं. शिकलेल्या माणसाला शब्दाचं मूळ कळलं की तो ते वहीत लिहून ठेवतो. आप्पांनी त्याच्यावर सगळी भाकरी पणाला लावली.

बिल्ला छातीवर तसाच ठेवून ते घरी आले. मायनं पाट मांडला, ताटात भाकरी आणि वाटीत आमटी वाढली. आप्पांनी वाटी उचलली आणि आमटी सांडली. हात लटलट कापत होता. माझ्या आठवणीत मी तो हात कापताना पाहिला नव्हता, मायनंही नाही. ती घाबरून म्हणाली, "काय व्हयनं वो?"

"भीती वाटी ऱ्हायनी."

"आते? आते तं व्हयनं ना बठं! तठे नही वाटनी?"

"तठे बी वाटनी," आप्पा म्हणाले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझी परीक्षा नऊ दिवसांवर आली होती, आणि मी किती भ्यालेय हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. "काटा थरथरस ना पोरी, तो जित्ता ऱ्हास. गंजेल काटा हालत नही. त्यानावर कोनी इसवास ठेवत नही."

नऊ दिवसांनी, इंग्रजीच्या पेपराला, पर्यवेक्षकांनी माझ्या बाकावर प्रश्नपत्रिका ठेवली. माथ्यावर तोच शब्द छापलेला होता. टाक उचलायला गेले तर माझा हात थरथरत होता. मी तो दाबून धरला नाही. थरथरू दिला, हळूहळू ठरू दिला, आणि मग लिहायला लागले.